मोजणीची फी एकाची, हद्द दोघांची

शेतजमिनीच्या मोजणीच्या दिवशी बांधावर दहा-पंधरा माणसे सहज जमतात. अर्जदार, त्याचे भाऊबंद, लगतचे खातेदार, पंच म्हणून बोलावलेले दोघे-तिघे आणि नुसतेच बघायला आलेले काही जण. या सगळ्यांच्या मनात हद्द आधीच आखलेली असते आणि प्रत्येकाची वेगळी असते. ज्याच्या मनात ती आखलेली नसावी, असा तिथे एकच माणूस असतो आणि तो म्हणजे भूमापक. त्याने जुने अभिलेख उघडायचे, यंत्र लावायचे आणि पुराव्यातून जी रेघ निघेल ती जमिनीवर दाखवायची. ऐकायला साधे वाटणारे हे काम प्रत्यक्षात इतके अवघड का होते आणि ते करणाऱ्याने कसे वागावे याचे नियम का ठरवावे लागले, हे येथे समजून घ्यायचे आहे.

महाराष्ट्रात सरकारी मोजणी भूमी अभिलेख विभाग करतो. विभागाचे प्रमुख म्हणजे पुण्यातील जमाबंदी आयुक्त, तालुक्याला उपअधीक्षक भूमी अभिलेख यांचे कार्यालय आणि प्रत्यक्ष शेतात येतो तो भूकरमापक. गावात त्याला कोणी मोजणीदार म्हणते, कोणी सर्व्हेअर साहेब. याशिवाय खासगी सर्व्हेअर असतात. प्लॉटचे लेआउट, रस्त्यांचे आणि कालव्यांचे सर्वेक्षण, बांधकामाआधीची उंच-सखल पातळ्यांची मापे ही कामे ते करतात. मात्र खासगी सर्व्हेअरच्या नकाशाने सरकारी अभिलेखातली हद्द बदलत नाही. हा फरक ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगणे हाच त्याच्या सचोटीचा पहिला भाग आहे, आणि तो बरेचदा राहून जातो.

भूमापकाची नीतिमत्ता असा विषय निघाला की चर्चा लाचेवर येते आणि तिथेच संपते. लाच हा गुन्हा आहे आणि त्याविषयी कायदा पुरेसा स्पष्ट आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे, आणि २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. त्याला भाग पाडून लाच घेतली गेली असेल आणि त्याने सात दिवसांत तक्रार केली, तर त्याला संरक्षण मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे. पण एक पैसाही न घेणारा भूमापक चुकीचा वागू शकतो, आणि माझ्या मते जास्त नुकसान तिथेच होते, कारण ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. म्हणून लाचेचा विषय येथेच ठेवून पुढे जाऊ.

जीपमध्ये बसावे की नाही

मोजणीचा अर्ज एक जण करतो आणि फीही तोच भरतो. साहजिकच त्याला वाटते की हा माणूस आज माझ्या कामासाठी आला आहे. तो एसटी स्टँडवर गाडी पाठवतो, उन्हातान्हात सरबत देतो, दुपारी घरी जेवायला नेतो. यात वाईट हेतू असेलच असे नाही. आल्या-गेल्याला जेवल्याशिवाय न सोडणे ही आपल्याकडची रीत आहे, आणि आडरानातल्या गटात पोचायला दुसरे वाहनही मिळत नाही. शिवाय खुणा करण्यासाठी मजूर, दगड, चुना ही व्यवस्था अर्जदारानेच करायची असते, त्यामुळे दिवसभर संबंध येतो तो त्याच्याशीच.

आता हेच दृश्य लगतच्या शेतकऱ्याच्या जागेवरून पाहावे. त्याला नोटीस आली आहे, तो सकाळपासून बांधावर उभा आहे, आणि समोरून अर्जदाराच्या गाडीतून, अर्जदाराच्या शेजारी बसून, हसत-बोलत सर्व्हेअर उतरतो. यानंतर मोजणी कितीही अचूक झाली तरी त्या माणसाच्या लेखी निकाल लागलेला असतो. तो जबाबावर सही करणार नाही, दगड उपटील, आणि पाच वर्षांनी दिवाणी न्यायालयात ‘मोजणी एकतर्फी झाली’ एवढे एकच वाक्य सांगेल. निःपक्षपाती असणे आणि निःपक्षपाती दिसणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, आणि भूमापकाला दोन्ही पाळाव्या लागतात. गाडी घ्यावीच लागली, तर शेतात उतरल्यावर आधी लगतच्या खातेदारांशी बोलणे, कोणता अभिलेख आणला आहे ते सर्वांना एकाच वेळी उघडून दाखवणे, आणि जेवण आपल्या डब्यातले खाणे, एवढ्या साध्या गोष्टींनीही पुष्कळ फरक पडतो.

याच कारणासाठी नोटिशीचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. लगतच्या सर्व खातेदारांना मोजणीची तारीख आधी कळवणे हे कार्यालयीन सोपस्कार समजले जाते. पण ज्याची हद्द ठरणार आहे त्याचे ऐकून घेणे हा न्यायाचा मूळ नियम आहे आणि नोटीस हे त्याचेच रूप आहे. मुंबईत किंवा दुबईत नोकरी करणाऱ्या सहधारकाची नोटीस जुन्या पत्त्यावर पाठवून ‘बजावली’ असे लिहिणे नियमात बसत असेलही. तरी ज्या भूमापकाला तो माणूस गावात राहत नाही हे ठाऊक आहे, त्याने चौकशी करून खरा पत्ता घेणे हेच योग्य वागणे. मोजणी संपल्यावर कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ‘जबाब नंतर लिहितो’ असे म्हणणे तर कोणत्याही कारणाने चालू नये. थकवा, पाऊस, शेवटची एसटी ही सगळी कारणे खरी असतात आणि त्यातले एकही पुरेसे नसते.

सव्वा मीटर कुठे गेला?

भूमापकाचा प्रामाणिकपणा प्रत्यक्षात कसा दिसतो, हे एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण असा प्रसंग या कामात नित्याचा आहे.

आपल्याकडच्या मूळ मोजणीचे अभिलेख साखळी आणि आणे या मापात आहेत. जुनी साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. त्या काळचा मोजणीदार शेतातून एक पाया रेषा घेई, शंकूच्या, म्हणजे काटकोन साधण्याच्या साधनाच्या, साहाय्याने दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपर्यंत लंब काढी आणि मापे एका आकृतीवर लिहून ठेवी. ही आकृती म्हणजे टिपण. ती प्रमाणात काढलेली नसते, तिच्यावरचे आकडे खरे. आजचा भूकरमापक ही टिपणे, पोटहिश्शांचे फाळणी नकाशे, क्षेत्राच्या हिशेबाचे गुणाकार बुक, आणि जिथे विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडण्याची एकत्रीकरण योजना झाली आहे तिथे गटाचे अभिलेख घेऊन शेतात जातो.

समजा, टिपणात एका सर्व्हे नंबरची रुंदी १२ साखळ्या ९ आणे लिहिली आहे. हिशेब केला तर ती साधारण ४१४ फूट ७ इंच, म्हणजे १२६.४ मीटर भरते. आज रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा दाखवणारे यंत्र, लावून एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत मोजले तर भरतात १२५.१ मीटर. सव्वा मीटरहून थोडी जास्त जागा कमी आहे. अर्जदार लगेच म्हणतो, ‘बघा, शेजाऱ्याने बांध कोरला.’ कागद त्याच्या बाजूने आहे. भूमापकाने शेजाऱ्याच्या शेतात सव्वा मीटर आत दगड रोवला, तर तो कागदाप्रमाणेच वागला असे दिसेल आणि त्याला कोणी बोलही लावणार नाही.

पण चांगला भूमापक इथे थांबत नाही. तो त्याच ओळीतले पुढचे तीन-चार सर्व्हे नंबर मोजतो. प्रत्येक नंबरात शेकडा एकच्या आसपास घट निघाली, तर बांध कोणी कोरलेला नाही. मूळ मोजणीच्या वेळी साखळी ढिली धरली गेली असेल, किंवा उताराच्या जमिनीवर ती जमिनीला टेकवत नेली असेल. दोन्ही प्रकारांत माप खऱ्यापेक्षा जास्त नोंदले जाते. अशी घट सर्वांच्या वाट्याला प्रमाणात येते, ती एकट्या शेजाऱ्याच्या माथी मारता येत नाही. उलट बाकीचे सगळे नंबर टिपणाशी जुळले आणि फक्त लगतच्या नंबरात नेमकी सव्वा मीटर वाढ निघाली, तर अर्जदाराची तक्रार खरी असण्याचा संभव पुष्कळ वाढतो. दोन्ही निष्कर्षांमधले अंतर आहे ते केवळ अर्ध्या दिवसाच्या जादा कामाचे. हे अर्ध्या दिवसाचे काम करण्याची सक्ती कोणी करत नाही, ते टाळल्याची नोंद कुठे राहत नाही, आणि दोन कुटुंबांचे पुढच्या पिढीपर्यंतचे वैर मात्र त्यावर अवलंबून असते. या व्यवसायात काळजी आणि सचोटी या वेगवेगळ्या गोष्टी उरत नाहीत, त्या अशा.

याच उदाहरणात आणखी एक बारीक गोष्ट आहे. रोव्हर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. मूळ टिपण मात्र आण्यांत, म्हणजे दोन-दोन फुटांच्या टप्प्यांत लिहिलेले आहे. दोन फुटांच्या टप्प्याचा अभिलेख आणि दोन सेंटिमीटरचे यंत्र एकत्र केले म्हणून उत्तर दोन सेंटिमीटरइतके पक्के होत नाही. ‘सॅटेलाइटने मोजले आहे, आता शंका नाही’ असे गावकऱ्यांना सांगणे सोपे असते आणि त्यांना ते पटतेही, पण ते खरे नसते. यंत्राची अचूकता आणि हद्दीची निश्चिती यांतला फरक लोकांना समजेल अशा शब्दांत सांगणे हे भूमापकाचे कर्तव्य आहे, जरी त्यामुळे यंत्राचा आणि त्याचा स्वतःचाही दरारा थोडा कमी झाला तरी.

क्षेत्र बसवणे

खासगी आणि सरकारी दोन्ही कामांत होणारा एक गैरप्रकार इतका रुळला आहे की त्याला गैरप्रकार म्हणायलाही लोक कचरतात. सातबाऱ्यावर क्षेत्र ८० आर आहे आणि जागेवर ७७.५ आर भरते. ग्राहक म्हणतो, ‘साहेब, नकाशात ८० बसवा, व्यवहार अडकेल.’ मग एखादा कोपरा थोडा बाहेर सरकतो, ओढ्याकाठची वाकडी रेघ जरा सरळ होते आणि आकडा बरोबर जुळतो. संगणकावर हे दोन मिनिटांचे काम आहे. अडीच आर म्हणजे जवळजवळ अडीच गुंठे, आणि ते कुठून तरी आलेले असतात. ते ओढ्यातून येतात, रस्त्यातून येतात किंवा शेजाऱ्याच्या शेतातून. जागेवर भरलेले क्षेत्र आणि अभिलेखातले क्षेत्र असे दोन्ही आकडे लिहिणे आणि फरक उघडा ठेवणे एवढेच योग्य आहे. व्यवहार अडकला तर तो खऱ्या कारणासाठी अडकलेला असतो.

हद्द कायम मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशात, म्हणजे ‘क’ प्रतीत, अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द वेगवेगळी दाखवण्याची पद्धत आहे ती याच विचारातून आलेली आहे. भूमापक दोन्ही रेघा दाखवतो आणि तिथे थांबतो. जमिनीचा मालक कोण, अतिक्रमण हटवायचे की बारा वर्षांहून जुन्या कब्ज्याचा हक्क मान्य करायचा, हे दिवाणी न्यायालयाचे प्रश्न आहेत. शेतात उभे राहून ‘याने तुमची जमीन खाल्ली’ असे बोलून जाणारा भूमापक आपल्या अधिकाराबाहेर गेलेला असतो, त्याचे माप बिनचूक असले तरीही.

मोजणीची कच्ची नोंद हा या सगळ्याचा पाया आहे. सर्वेक्षणाच्या शिस्तीत क्षेत्रवहीत खाडाखोड करत नाहीत. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारून, जुना आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी नवा लिहितात. आज वहीच्या जागी टोटल स्टेशन या कोन आणि अंतर मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राची किंवा रोव्हरची फाइल आली आहे, पण शिस्त तीच लागू आहे. यंत्रातून निघालेली मूळ फाइल जशीच्या तशी जपायची आणि दुरुस्त्या वेगळ्या प्रतीत करायच्या. कोणीही दहा वर्षांनी विचारले की ही रेघ इथेच का आली, तर त्याचे उत्तर कागदावरून देता आले पाहिजे. ज्या मोजणीचे उत्तर फक्त मोजणाऱ्याच्या आठवणीत आहे, ती मोजणी अर्धीच झालेली असते.

नियम कुठे लिहिले आहेत

सरकारी भूमापकाला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ लागू असते. सीमा आणि सीमाचिन्हे यांविषयी तिच्यात स्वतंत्र प्रकरण आहे. सेवक म्हणून त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ बांधून घेतात. वेळेत काम होण्यासाठी लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. विलंब हा शिस्तीचाच नव्हे, नीतीचाही प्रश्न आहे, कारण ज्याची तारीख विनाकारण पुढे ढकलली जाते तो माणूस आपोआप ‘काही तरी करून’ काम उरकण्याच्या मनःस्थितीला येतो. ऑनलाइन अर्ज आणि क्रमाने तारीख ही व्यवस्था त्यासाठी उपयोगी आहे, तिच्यातून वाट काढणारेही आहेत.

खासगी सर्व्हेअरचे चित्र वेगळे आहे. वकिलांसाठी १९६१ चा अधिवक्ता कायदा आणि बार कौन्सिल आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आणि परिषद आहे. गंभीर गैरवर्तन केले तर नाव नोंदणीतून निघते. भूमापकांसाठी देशपातळीवर अशी वैधानिक परिषद नाही. १९५० पासून इन्स्टिट्यूशन ऑफ सर्व्हेयर्स ही व्यावसायिक संस्था आहे, पण तिचे सदस्य नसलेल्या माणसाला यंत्र घेऊन काम करण्यापासून कोणी अडवू शकत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये परवानाधारक खासगी भूमापकांकडून मोजणी करून घेण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चा मुख्यतः मोजण्या किती लवकर होतील याची झाली. मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा वाटतो की, ज्याला काम मिळवायचे आहे तो माणूस फी देणाऱ्याच्या मर्जीविरुद्ध रेघ काढील याची तजवीज काय. पगारी भूकरमापकाला पुढच्या महिन्याचा पगार अर्जदार देत नाही. परवानाधारकाला पुढचे काम मात्र आजच्या समाधानी ग्राहकाच्या शब्दावर मिळते. परवाना देण्याइतकेच तो काढून घेण्याचे नियमही ठाम असावे लागतात, आणि परवानाधारकाच्या मोजण्यांपैकी काही मोजण्या कोणतीही पूर्वसूचना न देता पुन्हा तपासल्या जाव्या लागतात.

जगभर या व्यवसायात काय अपेक्षित आहे, याचा मसुदा आंतरराष्ट्रीय भूमापक महासंघाने, म्हणजे १८७८ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या ‘फिग’ने, १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. सचोटी, स्वतंत्र बुद्धी, काळजी व कौशल्य, आणि कर्तव्य अशा चार शब्दांभोवती तो मांडलेला आहे. चारही शब्द कोणत्याही सभागृहात भिंतीवर टांगता येतील असे आहेत, म्हणून त्यातल्या एका कलमाचा आपल्याकडचा अर्थ जरा सविस्तर पाहू. ते कलम हितसंबंध आणि गोपनीयता यांविषयीचे आहे.

नवा महामार्ग किंवा धरणाचा कालवा कोणत्या गटांतून जाणार, हे गावाला कळण्याच्या आधी भूमापकाला कळलेले असते. तो आखणी करतो, पुढे भूसंपादनाच्या संयुक्त मोजणीलाही तोच येतो. त्या माहितीवर मेहुण्याच्या नावे दोन एकर घेणे हे तर उघड चुकीचे आहेच, पण चहाच्या टपरीवर ‘तुमच्या भागाचे भाग्य उजळणार आहे’ एवढे सूचक बोलणेही तितकेच चुकीचे आहे, कारण त्या एका वाक्यावर कोणी तरी अडाणी माणसाकडून स्वस्तात जमीन लिहून घेतो. संयुक्त मोजणीत जमिनीबरोबर झाडे, विहिरी, पाइपलाइन, गोठे यांचीही नोंद होते आणि भरपाई त्यावर ठरते. सात आंब्यांची सतरा झाडे होणे, बुजलेली विहीर चालू दाखवणे, यात भूमापकाला कोणी शत्रू मिळत नाही. शेतकरी खूश असतो आणि पैसे सरकारचे जातात. म्हणूनच हा मोह सर्वांत कठीण. इथे विरुद्ध बाजूला उभा राहून आक्षेप घेणारा शेजारी नसतो, आणि भूमापकाला स्वतःच ती दुसरी बाजू व्हावे लागते. नात्यातल्या किंवा जिथे स्वतःचा व्यवहार आहे अशा जमिनीची मोजणी वाट्याला आली, तर ती लेखी कळवून दुसऱ्याकडे देण्याची मागणी करणे हा त्यातलाच सोपा भाग.

चूक कबूल करणे

मोजणी बिघडली की तिची किंमत किती मोठी असते, हे मराठी मुलखाने दोनशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे. पेशवाई गेल्यानंतर कंपनी सरकारचा अधिकारी प्रिंगल याने १८२७ पासून पुणे भागात नव्याने जमीन मोजून सारा बसवण्याचे काम हाती घेतले. त्याचा हिशेब कागदावर पद्धतशीर होता. पण मोजणीत आणि जमिनीच्या प्रतवारीत चुका राहिल्या, खालच्या कर्मचाऱ्यांत लाचखोरी माजली, सारा अनेक ठिकाणी झेपेनासा झाला आणि लोक जमिनी टाकून गेले. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना ते सगळे बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्यांच्या पद्धतीत वरिष्ठाने ठरावीक शेते स्वतः पुन्हा मोजून पाहायची ही तपासणी महत्त्वाची होती. तपासणी हा कर्मचाऱ्यावरचा अविश्वास समजायचा नाही, तो कामाचाच टप्पा समजायचा, ही शिकवण तेव्हा फार महागात मिळाली होती.

आजच्या व्यवस्थेत तिचे रूप म्हणजे निमताना. मोजणी मान्य नसेल तर फी भरून वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते. बऱ्याच भूमापकांना निमतान्याचा अर्ज हा स्वतःचा अपमान वाटतो आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही आपल्या माणसाची रेघ खोडणे जड जाते. त्यातून पहिल्या मोजणीच्या खुणा पाहून तिथेच पुन्हा यंत्र लावण्याचा प्रकार घडतो, ज्याला फेरमोजणी म्हणणे कठीण आहे. खरी फेरमोजणी मूळ अभिलेखापासून, वेगळ्या स्थिर खुणांपासून आणि पहिल्या नकाशाकडे न पाहता व्हायला हवी. तुलना शेवटी करायची. फरक निघाला तर तो का निघाला, हे लिहायचे.

विदर्भात हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली आणि १८२३ मध्ये काम चालू असतानाच हिंगणघाटला तो वारला. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना त्याचे अवजड थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, आपटले आणि त्याची मुख्य चकती वाकली. तो तंबूत शिरला आणि ती चकती जागेवर आणण्यासाठी सुमारे सहा आठवडे तिच्याशी झटत बसला. मधल्या काळात वाकड्या यंत्राने एकही कोन नोंदवला नाही. आज यंत्राची नियमित तपासणी, म्हणजे कॅलिब्रेशन, चुकवून काम रेटणाऱ्यांना तो दाखला अजूनही लागू पडतो. ट्रायपॉड पडल्यावर ‘काही झालेले नाही’ म्हणत पुन्हा उभा करून पुढचे वाचन घेणे, हे मी पाहिले आहे आणि एकदा केलेही आहे. तेव्हा संध्याकाळ होत आली होती. दुसऱ्या दिवशी पहिला बिंदू पुन्हा मोजला तेव्हा चार सेंटिमीटरचा फरक आला आणि आदल्या दुपारनंतरचे सगळे काम टाकून द्यावे लागले. ज्यांना दुसऱ्यांदा उन्हात उभे राहावे लागले त्या शेतकऱ्यांना खरे कारण सांगितले. ते चिडले, पण त्या मोजणीवर पुढे कोणी निमताना मागितला नाही.

मोजणीनंतर आपल्या हाती ‘क’ प्रत येते, तेव्हा बहुतेक जण फक्त क्षेत्राचा आकडा पाहतात. त्याऐवजी खालचा मजकूर वाचावा. कोणत्या अभिलेखावरून मोजणी केली, कोणत्या स्थिर खुणा धरल्या, हजर कोण होते, हरकत कोणी घेतली आणि कुठे काय मिळाले नाही, हे तिथे असायला हवे. ईशान्य कोपऱ्याची मूळ खूण जागेवर आढळली नाही, शेजारच्या नंबरावरून ती जागा निश्चित केली, अशी ओळ नकाशावर दिसली तर नाराज होण्याचे कारण नाही. ती ओळ लिहिणाऱ्याला लगेच हरकतींना तोंड द्यावे लागणार हे माहीत होते, तरी त्याने ती लिहिली.